बाहेरून लावलेली कडी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो स्टोव्हच्या आवाजानं. दोन स्टोव्ह होते, एक पितळी आणि एक पत्र्याचा. पितळी पेटला की एका सुरात घोंघावत राहायचा, पत्र्याचा मध्येच गुदमरायचा आणि आई हातातलं पीठ न झटकताच त्याला पिन मारायची. मग भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. विठ्ठलवाडीच्या त्या चाळीत भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्यांना आमच्या भाकऱ्या मोजता आल्या असत्या. दोन खोल्यांचं घर, पण राहायला एकच. बाहेरची खोली पातेल्यांची, परातींची आणि अॅल्युमिनियमच्या डब्यांची. तिथं दाराजवळ पाट टाकून बाबा विळीवर कांदे चिरत बसलेले असायचे. अंबरनाथच्या ज्या कंपनीत ते रंग घोटायचे ती बंद पडली होती. कंपनी बंद पडल्यावर आमच्या चाळीतले पुरुष नाक्यावर बसायला लागले, बाबा विळीवर बसले. बायका नळावर हसायच्या. बाबांना त्याचं काही वाटत नसे. कांदा ते इतका बारीक चिरायचे की फोडणीत पडल्या पडल्या विरघळून जायचा, आणि चिरताना एक शब्द बोलायचे नाहीत. माझे बाबा मुळातच कमी बोलणारे. पुढं जे घडलं त्यात ते जेवढं बोलले तेवढं मी त्यांना त्याआधी किंवा नंतर एका दमात बोलताना ऐकलं नाही.

कामगारांना डबे पुरवायची ही खानावळ आम्हाला मिळवून दिली दत्तूमामानं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ नव्हे. आमच्याच समाजातला, आईच्या माहेरच्या बाजूच्या गावचा, म्हणून तो आईला अक्का म्हणायचा आणि बाबांना दाजी. चाळीच्या टोकाला त्याचं स्लॅबचं घर होतं, दाराशी स्कूटर, अंगात कायम पांढरा शुभ्र शर्ट. विहाराच्या फरशीसाठी पैसे कमी पडले की मामा. कोणाच्या मयतीला गाडी पाहिजे, मामा. जयंतीच्या मिरवणुकीत पुढच्या रांगेत मामा. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा घरी येऊन त्यानं मला मनगटी घड्याळ दिलं आणि पेढा भरवताना त्याचे डोळे खरंच भरून आले होते. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. वाईट माणूस कसा दिसतो याची आपल्या मनात जी कल्पना असते त्यात दत्तूमामा कुठंच बसत नव्हता. संध्याकाळी तो आमच्याकडे उंबऱ्यावर बसायचा, गरम भाकरी आणि सुकटीची चटणी मागून घ्यायचा आणि म्हणायचा, अक्का, तुझ्या हाताला चव आहे, ती चव तुला पोसेल.

मामा लेबर पुरवायचा. उल्हासनगरात तेव्हा जीन्सचा धंदा जोरात होता. शिवलेल्या पँटी धुऊन, दगडांबरोबर घुसळून, ब्लीच मारून फिकट करायच्या, त्याचे वॉशिंगचे कारखाने वालधुनीच्या काठानं गल्लीगल्लीत निघाले होते. नदी कधी निळी वाहायची, कधी काळी. अशा एका कारखान्याला मामा यूपीकडून माणसं आणून द्यायचा. शेठ कोण होता ते आम्हाला माहीत नव्हतं. त्याला आम्ही कधी पाहिलं नाही. त्या माणसांचं दोन वेळचं जेवण आईकडे होतं. बाबा सायकलला डबे बांधून द्यायचे, सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी सायकल ढकलत रूळ ओलांडून फेरा करायची, संध्याकाळचा फेरा बाबांचा. दार लोखंडी होतं, मोठं. त्यात छातीच्या उंचीवर एक झडपेची खिडकी. वॉचमन झडप उघडायचा, मी एकेक डबा आत द्यायची, आतून एक ओला हात येऊन तो घ्यायचा. मग कालचे रिकामे डबे बाहेर. माणसं मला दिसायची नाहीत, फक्त हात दिसायचे. नखांपाशी निळे, बोटांवर पांढरट, कातडी सोललेले. मला वाटायचं, कामाचे हात असेच असतात. बाबांचेही रंगाचे होतेच की. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीच्या कोयंड्यात कुलपाऐवजी एक लांब खिळा अडकवलेला असायचा. तोही मी रोज पाहायची. रोज पाहिलेली गोष्ट किती दिवस दिसत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पहिल्या दिवसांत भाकऱ्या तशाच परत यायच्या. भात संपलेला, भाकरी कोरडी पडलेली. आईला ते फार लागलं. चार दिवस तिनं पीठ बदलून पाहिलं, मग म्हणाली, आपलं त्यांना गिळवत नसंल, आणि गव्हाच्या जाड पोळ्या लाटायला लागली. त्या गेल्या.

फुलमतीची आणि माझी गाठ पडली ती वॉचमन तंबाखू आणायला गेला होता म्हणून. मी झडप स्वतःच उघडली. आतून हात आला नाही, तोंड आलं. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल, केस घट्ट बांधलेले, भुवयांवर निळसर डाग. डबा घेतला आणि तिथंच उभी राहिली. म्हणाली, "दीदी, टेसन किधर पडता है?"

मला प्रश्नच कळला नाही. स्टेशन तिथून चालत पाच मिनिटांवर होतं. गाड्यांचा आवाज त्या गल्लीत बसल्या जागी ऐकू यायचा. तेच ती सांगत होती. दिवसभर गाडी ऐकू येते, पण आवाज पत्र्यावर आपटून चारी बाजूंनी येतो, कोणती बाजू ते कळत नाही. आणलं तेव्हा टेम्पोतून आणलं, उतरवलं ते आतच. होळी व्हायच्या आधी आली होती, आता सकाळी थंडी वाजायला लागली होती. मी हात करून बाजू दाखवली. तिनं त्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली, जणू भिंतीतून फलाट दिसतोय. मग पटापट सांगून टाकलं. नवरा तिच्याबरोबरच आला होता. मामानं त्याला गावी धाडलं, आणखी माणसं घेऊन ये म्हणून, आणि तो परत येईस्तोवर ही इथंच राहायची. माणसं मिळाली नाहीत की काय कोण जाणे, नवरा आला नव्हता. "वो आएगा तब छोडेंगे. तब तक हम जमानत हैं," ती म्हणाली. रडत नव्हती. सायकल कोणाची आहे ते सांगावं तशा सुरात सांगत होती.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं आई पेटून उठेल. तिनं पीठ मळणं थांबवलं नाही. "तू डबे देऊन येत जा," म्हणाली, "आत बघत जाऊ नको." मी चिडून काहीतरी बोलले, कॉलेजातलं एखादं मोठं वाक्य असेल. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि दोन स्टोव्ह, तांदळाचं पोतं, माझ्या पुस्तकांचं फडताळ यांच्यावरून नजर फिरवली. हे सगळं कुठनं येतं, एवढंच त्या नजरेत होतं. 

आज बदलापूरच्या सातव्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे, तेव्हा आमच्याच मजल्यावर एका घरात म्हाताऱ्या आजींना सांभाळायला एजन्सीची एक मुलगी आहे. तिचा फोन एजन्सीकडे जमा असतो, तिचं आधारकार्डही. खाली कचरा टाकायलासुद्धा ती एकटी येत नाही. मी विचारलं तेव्हा शेजारीण म्हणाली, अहो, आमच्याकडे ती घरच्यासारखी राहते. शेजारीण चांगली आहे, माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तिनं मला सूप आणून दिलं. लोक मला विचारतात, कायदे झाले, शिक्षण झालं, तरी हे अजून कसं चालतं? मला त्यात कोडं वाटत नाही. हे दुष्टांच्या जिवावर चालत नाही, तेवढे दुष्ट जगात नाहीतच. हे चालतं सूप आणून देणाऱ्यांच्या जिवावर, घड्याळ देणाऱ्यांच्या, डबे देणाऱ्यांच्या. मी सोसायटीच्या ग्रुपवर हे लिहिलं. त्याखाली एकानं फुलांचं शुभ सकाळ टाकलं. मी परत लिहिलं. लिहीत राहणार आहे.

तर त्या दिवसानंतर आईनं त्या विषयावर बोलणं बंद केलं आणि हात चालवायला लागली. मला म्हणाली, त्या बाईला विचार, तुमच्याकडं काय खातात. फुलमती म्हणाली, चोखा. आई बाजारातल्या सिंधी दुकानदाराकडे गेली. तो सगळ्या गिऱ्हाइकांना साईं म्हणायचा, आईलाही. त्याच्याकडून तिनं मोहरीचं तेल आणलं. आमच्या घरात ते तेल पहिल्यांदा आलं आणि त्याच्या वासानं सगळी चाळ नाक धरून विचारायला आली. आईनं वांगी भाजली, बटाटे उकडले, कच्चा कांदा, मिरची, वरून ते तेल. चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि तरी डबे भरले. त्या दिवशी डबे धुतल्यासारखे परत आले. मग तिला नादच लागला. कधी कडेला गुळाचा खडा, कधी लिंबाची फोड, कधी हाताला लावायला वाटीभर खोबरेल. बाबा हे सगळं विळीवरून पाहत होते. एक दिवस कांद्यावरून नजर न काढता म्हणाले, "गूळ टाकून कडी निघत नाही."

आईला ते झोंबलं. त्याच संध्याकाळी मामा उंबऱ्यावर येऊन बसला तेव्हा तिनं विषय काढला. फार काही मागितलं नाही तिनं. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी तेवढं त्या लोकांना बाजारातून फिरून येऊ दे, त्या बाईला माझ्याकडं पाठव, दोन घटका बसेल. मामा समजुतीनं हसला. माणसं सोडली तर पळतात, म्हणाला; पळाली तर शेठ त्याला धरतो; शेठलाही वरून व्यापारी धरतो, माल वेळेवर पाहिजे. तोही अडकलाय, त्याचं कोण ऐकतं. आई तरी हलेना. तेव्हा मामानं भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि म्हणाला:

"अक्का, तू उगाच टेन्शन घेतेस. तिथं कोणाला मारहाण नाही, शिवीगाळ नाही. दोन टाइम तुझ्या हातचं गरम जेवतात. गावाला कुठं मिळणार होतं त्यांना हे? शेठनं विचारलं, बाहेरच्या कोणी विचारलं, तर मी काय सांगतो? जाऊन बघा, आमची अक्का जेवायला घालते त्यांना. कोंडून ठेवलेल्यांना कोणी असं जेवण देतं का?"

तो जेवून, हात धुऊन, माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. आई परातीसमोर तशीच बसून राहिली. पत्र्याचा स्टोव्ह गुदमरून विझला तरी तिनं पिन मारली नाही. मग बाबांना म्हणाली, "ऐकलं का? त्या दाराला खिळा नाय. माझी भाकरी लावलीय त्यानं."

बाबांनी विळी मिटली. आणि मग ते बोलले. माझ्या आजोबांबद्दल. आजोबा गावकीवर होते हे मला माहीत होतं, पण गावकी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. साहेब गावात आला की त्याचं ओझं घेऊन पुढच्या गावापर्यंत चालायचं. मयताचा सांगावा घेऊन उन्हापावसात पळायचं. लाकडं फोडायची, वेशीवर जागायचं, कोणाच्याही हाकेला जी म्हणून उभं राहायचं. आणि संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागून आणायची. "गावानं तुझ्या आज्याला कधी उपाशी ठेवलं नाय," बाबा म्हणाले. "कोणी विचारलं तर गाव तेच सांगायचं. आम्ही भाकरी देतो की त्यांना. ज्या साली आपण धर्म बदलला, त्या साली माझ्या बापानं गावकीची काठी चावडीवर नेऊन ठेवली, आणि भाकरी पण नको म्हणाला. गावानं पाणी तोडलं. म्हणून आपण इकडं आलो. तिकडं त्याच्या गावात दत्तूच्या बापानं पण तेच केलं." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी डब्यांची चळत उचलून माळ्यावर ठेवली. आईनं विचारलं, हे काय. "उद्या डबे नाय भरायचे," बाबा म्हणाले. "पातेली भरायची."

दुसरा दिवस सुट्टीचा होता. गल्लीतले बाकीचे कारखाने बंद, आमच्या कारखान्याची मशीनं मात्र चालू. भर दुपारी आम्ही तिघं निघालो. बाबांच्या सायकलला भाताचं पातेलं, आईच्या डोक्यावर पोळ्यांची पाटी, माझ्या हातात चोख्याची बादली आणि काखेत पत्रावळ्या. कारखान्यासमोर भिंतीच्या सावलीत आईनं रस्ता झाडला. स्वतःच्या पदरानं नव्हे, घरून खराटा आणला होता तिनं. मग पत्रावळ्या मांडल्या, दोन्ही बाजूंना, लग्नाच्या पंगतीसारख्या, पाण्याचे पेले ठेवले आणि वाढायला लागली. वॉचमन स्टुलावरून उठला. आई त्याला म्हणाली, "तुमचं पण पान हाय." त्यानं पानाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि चहा पिऊन येतो म्हणून गल्लीच्या तोंडाशी निघून गेला. तो घाबरून गेला की आमच्यासाठी गेला ते मला कधी कळलं नाही.

बाबांनी खिळा उपसून खिशात टाकला आणि कडी सरकवली. बस. एवढंच करायचं होतं. कुलूप नव्हतं, साखळी नव्हती. त्या गल्लीतून रोज टेम्पोवाले जायचे, पोस्टमन जायचा, शाळेची मुलं जायची, मी जायची. कोणालाही उघडता आलं असतं असं ते दार होतं.

दार उघडलं आणि कोणी बाहेर आलं नाही. आत अंधार, ओल, ब्लीचचा डोळ्यांत जाणारा वास, आणि त्या अंधारात उभी असलेली माणसं. मशीन कोणीतरी बंद केलं. आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो, ती रस्त्याकडे पाहत होती. मला वाटलं होतं ती धावत सुटतील. आई पुढं झाली आणि आपल्या साध्या मराठीत, घरी पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "चला, पानं वाढलीत. निवतंय." तेव्हा फुलमती आली. उंबरा ओलांडून तिनं पाय रस्त्यावर टेकवला आणि चटकन मागं घेतला. डांबर तापलेलं होतं आणि तिच्या पायात चपला नव्हत्या. आतल्या ओल्या फरशीवर त्या केव्हाच कुजून गेल्या होत्या. मी माझ्या काढून तिच्यापुढं सरकवल्या. ती येऊन पानावर बसली. मग एकेक करत सगळे आले. उजेडात डोळे बारीक करत, एकमेकांच्या निळ्या हातांकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहत.

अर्ध्या जेवणात मामाची स्कूटर आली. तोवर गल्लीत बरीच माणसं जमली होती, त्यात आमच्या चाळीतलीही होती. मामा ओरडला नाही. जमाव पाहून त्यानं आवाज खाली घेतला. दाजी, हे काय लफडं लावलंय, म्हणाला. बाबा म्हणाले, जेवण चाललंय, तुम्ही पण बसा. मामा म्हणाला, "माझी माणसं आहेत ती." बाबा म्हणाले, "माणसं हायत. तुमची नायत."

मग मामा आईकडे वळला. आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देताय, समाजात काय तोंड दाखवू, असं बरंच बोलला, आणि शेवटी जे बोलायचं होतं ते बोलला, "अक्का, विसरू नको. तुझी चूल मी पेटवून दिलीय."

आईच्या हातात भाताचा डाव होता. ती एका म्हाताऱ्या कामगाराच्या पानात वाढत होती, तिनं ते वाढणं पुरं केलं. "तू पेटवलीस," म्हणाली, "मी विझवते. तुला तसदी नको." आणि पुढच्या पानाकडे गेली.

मामानं मग मला गाठलं. तू तरी शिकलेली आहेस, म्हणाला. मला कायद्याचं नाव माहीत नव्हतं, कलम माहीत नव्हतं. मला एकच गोष्ट माहीत होती आणि ती मी पंगतीकडे तोंड करून मोठ्यानं, माझ्या मोडक्या हिंदीत सांगितली: स्टेशन त्या बाजूला आहे, गल्लीच्या तोंडातून डावीकडे वळा, नाला ओलांडा, समोर पूल दिसेल. कल्याणला उतरलं की गावाकडच्या गाड्या मिळतात. हे मी दोनदा सांगितलं. 

इथं मला गोष्ट गोड करायचा मोह होतो, पण ती तशी झाली नाही. जेवण झाल्यावर निम्मी माणसं आत परत गेली. त्या म्हाताऱ्यानं आईपुढं हात जोडले आणि म्हणाला, गावात सगळ्यांना माहीत आहे आम्ही कोणाबरोबर आलो. आम्ही गेलो तर तिथं घरच्यांना धरतील. आईनं त्याला अडवलं नाही. बाकीचे आपापली बोचकी घेऊन निघाले. मामा स्कूटरला टेकून उभा होता. एवढ्या लोकांसमोर त्याला कोणाला हात लावता येईना. आम्ही पातेली घासून निघालो तेव्हा मागं कडी लागल्याचा आवाज आला. खिळा बाबांच्या खिशात होता, पण खिळे काय, बाजारात मिळतात.

फुलमती आमच्या घरी आली. न्हाली, आईचं लुगडं नेसली आणि पातेल्यांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून झोपून गेली. दुसऱ्या दिवशी मी आणि बाबांनी तिला कल्याणला नेऊन बायकांच्या डब्यात बसवलं. बसल्यावर तिनं माझ्या चपला काढून द्यायला घेतल्या, मी नको म्हटलं. त्याआधी सकाळी बाबा तिला आणि मला घेऊन चौकीवर गेले होते. तिथल्या साहेबांनी तिला विचारलं, मारलं का? ती म्हणाली, नाही. उपाशी ठेवलं? नाही. साहेब बाबांकडे पाहून म्हणाले, मग तक्रार काय आहे? बाबांनी खिशातून खिळा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो बाजूला सारून चहा ठेवायला जागा केली. काही लिहून घेतलं नाही.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. खानावळ गेलीच. जयंतीच्या जेवणाचं काम दर वर्षी आईकडे असायचं, ते दुसरीकडे गेलं. नळावर आई गेली की बोलणं थांबायचं. विहारात आम्ही बसलो की शेजारची सतरंजी रिकामी राहायची. मामानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, अर्ध्या चाळीचं काही ना काही त्याच्याकडून येत होतं. पण आई घरात बसली नाही. मोहरीचं तेल देणाऱ्या त्या दुकानदारानं शहाडकडच्या कारखान्यांच्या गेटबाहेर जेवणाची सोय नाही असं सांगितलं, आणि आई-बाबा तिथं रस्त्याकडेला पातेली मांडून बसायला लागले. ज्याला भूक लागेल त्यानं यावं, खावं, जावं. पहिल्या दिवशी तिघं आले, तरी आईचा चेहरा असा होता की जणू अख्खं वऱ्हाड जेवून गेलं. तिथंच एक दिवस फुलमतीच्या गावचा एक मुलगा शोधत आला. ती पोचली होती. तिच्या नवऱ्याला मामाच्या माणसानं गावात सांगून ठेवलं होतं की माणसं आणल्याशिवाय बायको मिळणार नाही. तो बिचारा दारोदार फिरत होता. तिनं आईला सत्तूची, म्हणजे त्यांच्याकडच्या भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाची, पिशवी पाठवली होती. त्याचं काय करतात ते आईला ठाऊक नव्हतं. तिनं त्याचं पिठलं केलं. चांगलं झालं होतं.

दत्तूमामाचं काही वाकडं झालं नाही. कारखाना वर्षभरात बदलापूरच्या मागं, शेतांच्या आत गेला, जिथं शेजारी चाळच नव्हती. मामाचा धंदा वाढला. मधल्या काळात कोणीतरी समेट घडवला, म्हणजे बोलणं सुरू झालं, आणि एक दिवस तो जुन्या सवयीनं आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणाला, अक्का, भाकरी दे. आईनं ताट घेतलं, पाणी ठेवलं, आणि विचारलं, "दत्तू, आत आता कोण हाय?" मामा न जेवता उठला.

पण आईनं ते सोडलं नाही. कुठंही तो भेटला की ती तेच विचारायची. विहारात, बारशाला, मयताच्या घरीसुद्धा. भांडणाच्या सुरात नाही, घरचं कसं काय विचारावं तशी. दत्तू, आत आता कोण हाय? लोक कुजबुजायचे, म्हातारीला भ्रम झाला. मला स्वतःला लाज वाटायची कधीकधी, मी तिचा हात दाबायची. ती हात सोडवून घ्यायची.

शेवटची भेट अंबरनाथला झाली, शिवमंदिराकडच्या एका हॉलमध्ये, कोणाच्या तरी लग्नात. बाबा तोवर गेले होते. मामा पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत होता, काठी टेकत होता, हाताशी दोन माणसं. आईला पाहिल्यावर तो टाळून गेला नाही. थकला होता, की खरंच तिला भेटायचं होतं त्याला, कोण जाणे. आमच्या टेबलाशी आला, वाकला. आईनं ताटातून डोळे वर केले आणि विचारलं. आजूबाजूची चार माणसं जेवायची थांबली.

मामा म्हणाला, "अक्का, जुनं कशाला काढतेस आता?"

"जुनं झालं असतं तर नसतं काढलं," आई म्हणाली, आणि त्याला बसायला खुर्ची ओढून देऊन ती उत्तराची वाट पाहत राहिली.